तिसरं कडवं

गेल्या महिन्यात चिखलीच्या एका मंगल कार्यालयात मला शाल आणि नारळ मिळाला. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता, आणि निवेदकाने माझी ओळख 'त्या सुवर्णकाळाचे साक्षीदार, जुन्या गाण्यांचे दर्दी जाणकार' अशी करून दिली. मी डोळे मिटले, मान जरा डावीकडे कलती ठेवली आणि ती ओळख पदरात पाडून घेतली. ऐंशीच्या घरातल्या माणसाने डोळे मिटले की लोकांना तो सुरात बुडालाय असं वाटतं. खरं म्हणजे मला दुपारी जेवल्यावर झोप येते.

आता या वयात खोटं बोलून कुणाचं भलं व्हायचंय? म्हणून सांगून टाकतो. त्या सुवर्णकाळातलं एकही गाणं मी धड शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. मीच काय, आमच्या अख्ख्या गावाने ऐकलेलं नाही. आम्ही ऐकायचो ती नावं.

तेव्हा महाराष्ट्र नवंनवं होऊन दोन-चार वर्षं झाली होती. आमचं गाव चिखलीपासून सात-आठ मैलांवर. आधी आमची राजधानी नागपूर होती, ती आता मुंबई झाली, पण मुंबईला आमचा पत्ता ठाऊक असल्याची काही खूण दिसत नव्हती. सरकारने ग्रामपंचायतीला एक रेडिओ सेट दिला, तो शेतकऱ्यांनी खतांची आणि किडींची माहिती ऐकावी म्हणून. ती माहिती संध्याकाळी लागायची आणि ती ऐकायला पंचायतीचा शिपाई सोडला तर कुणी नसायचं. शिपायाला शेत नव्हतं. पण रविवारी दुपारी फर्माइशीच्या गाण्यांचा कार्यक्रम लागला की पंचायतीत पाय ठेवायला जागा उरत नसे. कारण त्या कार्यक्रमात गाण्याआधी गावाचं नाव घेत. रेडिओवरची ती बाई गोड आवाजात गाव सांगायची, मग गाणं मागणाऱ्यांची नावं वाचायची, आणि तेवढ्यापुरतं ते गाव नकाशावर यायचं.

आम्हीही श्रोता मंडळ काढलं. पिठाच्या गिरणीचे मालक अध्यक्ष झाले, कारण बसायला जागा त्यांचीच होती. मी सेक्रेटरी, कारण मी मॅट्रिक होतो आणि माझं अक्षर बरं होतं. दर बुधवारी गिरणीत बैठक भरायची आणि पोस्टकार्ड लिहिलं जायचं. कोणतं गाणं मागायचं हा प्रश्न दोन मिनिटांत सुटे. कुणाचं नाव कुणाच्या आधी, हा मात्र दिवेलागणीपर्यंत सुटत नसे. भावकीत बोलणी बंद व्हायची. एकाने सुनेच्या पोटातल्या नातवाचं नाव आधीच घालायला लावलं, पुढे मुलगी झाली तर तिलाही तेच नाव ठेवायची पाळी आली. एक म्हातारे आमच्या यादीत असताना वारले, आणि नेमकं त्यांच्या तेराव्याच्या दिवशी कार्ड लागलं. 'गाणं ऐकू इच्छितात' म्हणून त्यांचं नाव आलं तेव्हा घरच्या बायका धाय मोकलून रडल्या आणि पुरुषांची छाती फुगली. एकदा तर आम्ही तेवीस नावं दाटीवाटीने बसवून कार्ड पाठवलं आणि गाणं लिहायचंच राहिलं. दोन महिने वाट पाहिली, शेवटी रेडिओवाल्यांचं आपल्या वऱ्हाडाकडे दुर्लक्ष आहे असा ठराव केला.

आपलं कार्ड लागलं की काय व्हायचं ते सांगतो. गावाचं नाव येताच आरोळी. प्रत्येक नावाला टाळ्या. शेवटच्या नावानंतर गूळ-शेंगदाणे वाटायचे, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायच्या, ज्याचं नाव राहिलं त्याने माझी गचांडी धरायची. या सगळ्या गदारोळात मागे कुठेतरी गाणं वाजत असे. दुसऱ्या गावांची नावं आली की आमच्या गप्पा चालू असत, कापूस, लग्नं, कोर्टातल्या तारखा.

शांतता फक्त एकाच वेळी व्हायची. धामणगाव बढेचं नाव आलं की.

धामणगाव बढे आमच्यापासून चांगलं लांब, पार मोताळा तालुक्यात. त्यांचं आमचं काही वाकडं नव्हतं. पण त्यांचं श्रोता मंडळ दर पंधरवड्याला लागायचं. आमचं वर्षात चारदा. त्यांचं नाव आलं की पंचायतीत मयत झाल्यासारखं वाटे. सगळे माना खाली घालून बसत, कुणी विडीसुद्धा पेटवत नसे. गाणं संपून दुसऱ्या गावाचं नाव येईपर्यंत कुणाच्या तोंडून शब्द फुटत नसे. मग मात्र त्यांच्या एकेका सभासदाचा उद्धार व्हायचा. त्यांची नावं आम्हाला स्वतःच्या नातेवाइकांच्या नावांपेक्षा पक्की पाठ होती.

आमच्या घराची मागची भिंत आणि पंचायतीची भिंत एकच. त्या भिंतीला उंचावर एक झरोका होता. त्याच्या खाली, आमच्या बाजूला, रविवारी दुपारी माझी वहिनी डाळ निवडत बसायची. बायकांनी पंचायतीत येऊन रेडिओ ऐकायची पद्धत नव्हती. तशी बंदीही नव्हती. तो विचारच कुणाच्या डोक्यात आला नव्हता, माझ्याही नाही.

वहिनी सुलतानपूरची. लग्नाला वर्ष होऊन गेलं तेव्हा एकदा मला वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, तुमी लोकं मले पाहाले आले नं, तवा माह्यं एक गाणं अर्ध्यात तुटलं."

मला काही कळेना. तिने सांगितलं. आम्ही मुलगी पाहायला सुलतानपूरला गेलो तेव्हा तिच्या घरासमोरच्या दुकानात रेडिओ लागला होता. एक नवीन गाणं. नदीवर पाणी भरायला आलेली सासुरवाशीण, आणि पलीकडच्या काठावर तिचं माहेर. पहिल्या कडव्यात नावाडी तिला हाक मारतो. दुसऱ्या कडव्यात ती घागर खाली ठेवते. तेवढ्यात आमची बैलगाडी दारात आली आणि तिच्या वडिलांनी ओरडून सांगितलं, "पाव्हणे आले, बंद करा थो रेडिओ!" मी त्या पाहुण्यांत होतो. पोहे उत्तम झाले होते एवढंच मला आठवत होतं.

"मंग थे नावेत बसली का वापस गेली, तेच मले समजलं न्हाई," वहिनी म्हणाली. "वरीस झालं, रोज याद येते. माह्यं नाव-गिव नका टाकू, पण थे गाणं मांगसान का?"

मला हसू आलं, पण मागितलं. एकोणीस नावं घातली आणि गाणं लिहायला विसरलो नाही. तीन महिन्यांनी कार्ड लागलं. एकोणीस नावांचा जल्लोष एकोणीस नावांपुरता झाला असता तर बरं होतं, तो गाणं संपून पुढच्या गावाचं नाव आलं तरी चालू होता. घरी गेलो तर वहिनी डाळ निवडायचं सूप मांडीवर घेऊन तशीच बसलेली. मला खरोखर वाईट वाटलं.

पुन्हा कार्ड टाकलं. या वेळी मी सभासदांना आधीच ताकीद दिली की नावं झाल्यावर गाणं ऐकायचं, आवाज करायचा नाही. ते कार्ड लागलं तेव्हा गाण्याच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मंडळ एकमेकांवर ओरडत होतं, "गप बसा बे! सेक्रेटरीनं सांगेल हाय नं, गप बसा!" सगळ्यांत मोठा आवाज अध्यक्षांचा. गिरणीच्या घरघरीत बोलायची सवय होती त्यांना.

तिसऱ्यांदा वहिनी माझ्याकडे आलीच नाही. मीही विषय काढला नाही. मला वाटलं, बाईचा नाद सुटला.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी रेडिओवरची बाई म्हणाली, "धामणगाव बढेहून..." आणि पंचायतीतल्या सगळ्यांचे चेहरे उतरले. नावं आली, आठच. मग गाणं सुरू झालं आणि ते वहिनीचंच होतं. आमचं गाणं! दोनदा आम्ही मागितलेलं! ते आता त्या लोकांनी मागावं? रागाने सगळ्यांची कानशिलं तापली. अध्यक्ष जमिनीकडे बघत होते. मी पुढच्या बैठकीचा ठराव मनात जुळवत होतो, 'सदर गाण्यावर या मंडळाचा अग्रहक्क असून'. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तीन-सव्वातीन मिनिटं. मग गाणं संपलं आणि शिव्यांना सुरुवात झाली.

बुधवारच्या बैठकीत ठरलं की अध्यक्षांनी आणि सेक्रेटरीने धामणगाव बढेला जाऊन या लोकांना समज द्यावी. आम्ही इस्त्रीचे सदरे घालून एस.टी.ने गेलो. धूळ खात, दोन गाड्या बदलून. तिकडे पोचलो तर त्यांच्याच मंडळात भांडण पेटलेलं.

"आमी हे कार्ड धाडलंच न्हाई!" त्यांचे अध्यक्ष म्हणाले. चेहरा रडवेला. "अन् हे पाहा नं, माह्यं नाव तिसरं! मी अध्यक्ष, अन् माह्यं नाव तिसरं? पयलं या मास्तरचं?"

चष्मेवाले मास्तर कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. त्यांच्यावर सगळ्यांचा वहीम होता. त्यांनी मुलांच्या शपथा घेतल्या, कुणी विश्वास ठेवला नाही. आमच्या अध्यक्षांना इतका आनंद झाला की समज द्यायची ते विसरले. तिथे चहा पिऊन, मनापासून सांत्वन करून आम्ही परत निघालो.

एस.टी.त बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आधी मास्तर, मग त्यांचा मेहुणा, तिसरे अध्यक्ष. हा क्रम धामणगावच्या कुठल्याच कार्डात नव्हता. हा आमच्या गावातला क्रम होता. शिव्या देताना आम्ही नेहमी मास्तरांपासून सुरुवात करायचो, कारण त्यांचं नाव उच्चारायला सोपं होतं. तो क्रम ऐकायचा तर आमच्या पंचायतीत बसायला हवं. किंवा भिंतीमागे.

घरी आलो. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं आणि तिला कळलं की मला कळलं.

"मी चौथीपर्यंत शिकेल हाय," ती म्हणाली. "कार्ड भावानं टाकलं, सुलतानपूरले. तुमच्या लोकाईले गप करायचा दुसरा उपाय नव्हता, भाऊजी. दीड वरीस भितीमांगं बसून पाह्यलं मी. तुमी फक्त त्याईच्याच नावाले गप बसता."

मला राग यायला हवा होता. मंडळाशी गद्दारी होती ही, आणि तिकडे एक गरीब मास्तर फुकट बदनाम झाला होता. पण मी विचारलं ते दुसरंच. "मग ऐकलं का पुरतं?"

"आयकलं. पुरं आयकलं." भाकरी तव्यावर टाकताना तिचे हात थांबले. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "सूप बाजूले ठेवलं अन् आयकलं. लगन झाल्यापासून एवढं शांत कवाच बसली नव्हती मी."

"मग काय झालं शेवटी? गेली का ती नावेतून?"

वहिनीने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मले काऊन पुसता? मी भितीमांगं होती. तुमी तं रेडिओपाशीच बसेल होते."

मी रेडिओपासून दोन हातांवर होतो. माझ्या डोक्यात तेव्हा 'सदर गाण्यावर' चाललं होतं. मी मान हलवली आणि जेवायला बसलो. मी ते गुपित कुणाला सांगितलं नाही, आणि ती मला तिसरं कडवं बोलली नाही. पुढे घराघरात ट्रांझिस्टर आले, मंडळ मोडलं, आणि मी हळूहळू दर्दी जाणकार झालो. त्यासाठी गाणी ऐकावी लागत नाहीत. आताची गाणी वाईट आहेत एवढं म्हणत राहावं लागतं.

तर चिखलीचा तो कार्यक्रम. वहिनीला मुद्दाम जीपने सोबत नेलं होतं, दुसऱ्या रांगेत बसली होती. ऐंशी कधीच ओलांडलेली, पण कान शाबूत. ऑर्केस्ट्रातल्या मुलीने नेमकं तेच गाणं घेतलं. मी या वेळी डोळे उघडे ठेवले. नावाड्याने हाक मारली. बाईने घागर खाली ठेवली. मी पुढे सरकून बसलो, साठ वर्षांनी. आणि तिसरं कडवं सुरू होताच निवेदक माईकवर आला, "गाणं चालू राहू द्या, मागच्या मागे, हळू! आपल्याला नावं घ्यायची आहेत. मंडप, ध्वनी, अल्पोपाहार..." यादी मोठी होती. त्यात माझंही नाव होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते कधी येतं याकडेच माझा कान लागला.

ते आलं. टाळ्या झाल्या. मी हात जोडले आणि समोर पाहिलं तर वहिनीचे ओठ हलत होते. सगळं कडवं ती म्हणत होती, आपल्याशीच. मला ओठ दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते.

परतताना जीपमध्ये मी धीर करून म्हणालो, "वयनी, आता तरी सांगा. गेली का हो ती बाई?"

वहिनी खिडकीबाहेर कापसाची शेतं पाहत होती. ती वळली, माझ्या खांद्यावरची शाल जरा नीट केली आणि म्हणाली, "आता काऊन पुसून राह्यले, भाऊजी? शाल तं भेटली नं."