वीतभर वायर

विजेचा दणका मशीनला बसू नये म्हणून आज कारखान्याच्या पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्टर बसवला. वायरमन मामा अर्थिंगची वायर कापून कापून वीतभर करत होते.

“राहू द्या की थोडी लांब,” मी म्हटलं.

“नको ताई. वायर लांबली की दणका जमिनीत उतरायच्या आत मशीनमध्ये शिरतो.”

माझी थोरली बहीण, अक्का, भिंतीपलीकडेच राहायची. काही बिनसलं की मी मागच्या दाराने तिच्याकडे जायची. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि भाकरी फुगेपर्यंत माझा राग उतरलेला असायचा. आता ती मुलाकडे कॅनडात असते. तिला फोन लागेपर्यंत माझं लेकीवर ओरडून झालेलं असतं. मग अक्काला म्हणते, “काही नाही गं, सहज केला.”