बिनपात्याची टर्बाइन

माझे थोरले साडू अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. मी अकोल्यात पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतो. दोन वर्षांपूर्वी दर्यापूरला सासऱ्यांच्या शेतात निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांच्या पंगतीत मी बोलून गेलो, की मी पात्यांशिवाय फिरणारी टर्बाइन करणार आहे. नुसत्या गुळगुळीत चकत्या, त्यांच्या फटींतून हवा.

साडू वरणात रोडगा चुरत म्हणाले, "पाते नाईत तं फिरनार काय? तुयं डोकं?"

अख्खी पंगत हसली. माझी बायकोसुद्धा. त्या दिवशी मी रोडगा पानात तसाच टाकला. याच पंगतीत याची जिरवीन, एवढं ठरवून उठलो.

भंगारवाल्याकडून मेलेल्या हार्ड डिस्क आणल्या. आतल्या आरशासारख्या चकत्या काढल्या, मध्याजवळ भोकं पाडली, दोन चकत्यांत एक वायसर अशा आठ चकत्या दांड्यावर ओवल्या. त्यावर डबा चढवला. डब्याच्या कडेला बारीक भोक, मधोमध मोठं. कडेच्या भोकातून हवा तिरपी शिरते, चकत्यांना घासत, गोल फिरत मधून बाहेर पडते. जाता जाता चकत्यांना ओढून फिरवते.

पुढच्या वर्षी सगळे निखाऱ्यातल्या रोडग्यांभोवती होते तेव्हा मी विहिरीच्या मोटारीच्या बोर्डावर कॉम्प्रेसर लावला आणि त्याची नळी डब्याला जोडली. चकत्या अशा किंचाळल्या की शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरची माणसं धावत आली.

साडू पुढे झाले. "हे तं मी पोरायले शिकवतो. मीच म्हनलं होतं याले, करून पाह्य."

मी कॉक बंद केला, डब्यावर ओणवा होऊन नळी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "घ्या भाऊ, आता तुमी चालवून दाखवा."

त्यांनी डबा न्याहाळला आणि ऐटीत नळी मधल्या मोठ्या भोकाला लावून कॉक उघडला. हवा फुसफुसत राहिली, चकत्या ढिम्म. मी हाताची घडी घालून उभा होतो. शेवटी सासरेच म्हणाले, "कावून जावईबापू, पाते नाईत म्हनून का?"

पंगत आदल्या वर्षीपेक्षा जास्त हसली. मी तीन रोडगे खाल्ले.

हात धुताना साडूंनी हळूच विचारलं, "नळी कुठं लावाची रे?"

"तुमी तं शिकवता, भाऊ," मी म्हणालो.

ते कुठे चुकणार हे मला ठाऊक होतं. पहिले पंधरा दिवस मीही मधल्याच भोकात हवा मारत बसलो होतो. हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.