आत्याने काढलेले काटे

मानेवरची गाठ लिंबाएवढी झाली, शर्टाचं वरचं बटण लागेना, तेव्हा अंबडच्या डॉक्टरांनी ती काढायची ठरवली. अडचण एकच, जागा बधिर करायचं इंजेक्शन मला चालत नाही. दाढ काढताना घेतलं होतं, तर श्वास कोंडून मरता मरता वाचलो. डॉक्टर म्हणाले, ॲक्युपंक्चरच्या सुया टोचूनही दुखणं थोपवता येतं, मी शिकून आलोय. नाही जमलं तर मोठ्या शहरात जाऊन पूर्ण भूल. तिची तर मला जास्तच धास्ती.

घरी बजावलं होतं, कुणाला कळवू नका. पण आमच्याकडे साध्या सर्दीलासुद्धा पाहुणे भेटायला येतात. तीर्थपुरीहून आत्या सकाळच्या एसटीनं हजर!

मला पालथं निजवून दोन्ही हातांत सुया टोचल्या होत्या. अर्धा तास हलायचं नाही, मग चाकू. हात जड व्हायला लागले होते. डॉक्टर हात धुवायला गेले आणि आत्या आत घुसली. तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. काटा दिसला की उपटायचा, माणसाचा असो की मेंढराचा. विचारायची पद्धत नाही.

"आरं देवा, किती काटे घुसलेत हातात! अन् डॉक्टर काय करून राह्यलाय?"

"आत्या, हात लावू नको" म्हणेपर्यंत सगळ्या सुया तिच्या मुठीत.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी ओरडलो, "तुला बोलावलं कुणी?"

"बोलवायला कशाला लागतं? मी काय परकी हाय?"

नव्या सुया, पुन्हा अर्धा तास. आत्याला उशाशी स्टुलावर बसवलं. तिथं तरी गप्प बसावं!

"लहानपणी काटा रुतला की मलाच हुडकत येत होता तू. आईला बिलकुल हात लावू देत न्हवता."

चाकू फिरला तेव्हा कुणी मानेवरून कापड ओढतंय एवढंच जाणवलं. टाके घालताना मात्र दुखलं. दात आवळून पडून राहिलो.

शेवटी डॉक्टर सुया काढायला वाकले. मी आत्यावर अजून चिडलेलोच होतो. तरी हात मागे घेतला आणि तिच्यापुढे केला. डॉक्टर बाजूला झाले.

आत्या हललीच नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"काढू का रं?" तिनं विचारलं.