बोगद्यातून पहिली जोडी

पोळ्याला पुरणाचा वास आला, की ती केस आजही आठवते आणि मान खाली जाते.

मी ठाणेदार होतो. अकोला-बडनेरा मार्गावरचं ते गाव माझ्या हद्दीत होतं आणि माझी सासुरवाडीही तीच. गाव आणि नदी यांच्यामधून रेल्वे जाते. रुळाखाली इंग्रजांच्या काळातला सिमेंटचा बोगदा, एका वेळी बैलांची एकच जोडी जाईल एवढा अरुंद. पोळ्याच्या सकाळी सगळे बैल त्यातूनच नदीवर धुवायला नेत. पहिली जोडी नेहमी माझ्या सासऱ्यांची असे. त्या वर्षी गावानं तो मान भाजीपाला पिकवणाऱ्या एका माळ्याला दिला, कारण बैलांची निगा राखावी ती त्यानंच.

सकाळीच ठाण्यात फोन आला. बोगद्यात कुणीतरी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतलं होतं. माळ्याचा बैल घसरला आणि त्याचा पाय मोडला. पंचनामा केला, जबाब घेतले. गाव जावयाला अगत्यानं चहा पाजत होतं आणि एकसुरात सांगत होतं, "आमाले काई मालूम नाई, साहेब."

दुपारी सासऱ्यांच्या पंगतीला बसलो. सासूबाई पोळीवर तूप वाढता वाढता कुरकुरल्या, "आंगनात पाय ठेवाले जागा नाई, जावईबापू. यायनं यंदा बैल घरीच धुतले."

"कधी?"

"झुंजुमुंजुच."

तेव्हा बोगद्यात अजून कुणी पडलंही नव्हतं. मी सासऱ्यांकडे वळलो.

"मामाजी, नदीवर काहून नाही गेले?"

ते ताटाकडे पाहतच बोलले, "माह्या बापापासून आमचीच जोडी पयली. वाटलं, त्याचे बैल घसरतीन, मांगं सरतीन, लोक हासतीन. पाय मोडन असं नोतं वाटलं." मग हळूच म्हणाले, "आता तुमीच पाहून घ्या."

हे 'पाहून घ्या' मी नोकरीभर परक्यांकडून ऐकलं होतं. स्वतःच्या ताटावर ऐकताना लाजेनं कान तापले. पोटासाठी चोरी करणारे मी पाहिले होते, रागानं कुऱ्हाड उचलणारेही. मानासाठी मुक्या जनावराच्या वाटेत ऑइल ओतणारा सभ्य माणूस मला माझ्याच घरात भेटला.

वरिष्ठांना सासऱ्यांचं नाव कळवून तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला. ते कळताच माळी धावत ठाण्यात आला. "साहेब, त्यायचं नाव नोका लिवू. ताईचं माहेर तुटन."

नाव लिहिलं गेलं. दिवाळीला बायको माहेरी गेली, तर वडिलांनी दार उघडलं नाही. माळ्याच्या बायकोनं तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं, जेवू घातलं, लेक म्हणून ओटी भरली. त्यांच्या गोठ्यात आता एकच बैल होता.

ओटीतला नारळ बायकोनं माझ्या पुढ्यात ठेवला. तो फोडायला माझा हात उचलला गेला नाही.