चँडलरमधला माझा वशिला

आमचे साहेब अमेरिकेतल्या चँडलर शहराच्या नगरपरिषदेला पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा मी त्यांच्या नावाचे फलक रस्त्याकडेला रोवत फिरलो. मला मताचा अधिकार नव्हता. व्हिसावर आलेला इंजिनिअर मी. पण आपल्या ओळखीचं कुणीतरी 'वर' असावं, ही हौस नागपूरहून सोबत आणली होती. चँडलरच्या उन्हात लोखंडी सळई हातात धरवत नाही, हे ज्ञान मला साहेबांमुळे झालं.

साहेब म्हणायचे, नावाने हाक मार. माझी काही जीभ वळेना. ते निवडून आले आणि काही वर्षांनी खासदार होऊन थेट वॉशिंग्टनला गेले. त्यांच्या या चढत्या कारकिर्दीत माझा किती वाटा आहे, हे मी पाहुण्यांना इतक्यांदा सांगितलं, की साहेबांचा विषय निघाला की बायको भांडी घासायला उठायची. प्रचाराच्या दिवसांत शनिवार-रविवार माझे तिकडेच जात. आईला फोन राहून जाई, आणि केलाच तर साहेबांची खबर देऊन मी तो उरकत असे.

मग बायकोला सातवा महिना लागला आणि बाळंतपणाला येणाऱ्या माझ्या आईचा व्हिसा मुंबईत नाकारला गेला. विधवा, एकटी, परत येईल याची खात्री नाही, म्हणून. बायको रडली. मलाही वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. आता साहेब कामाला येणार होते.

साहेबांच्या इथल्या कार्यालयात मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आमचा दोघांचा फोटो आणि काजूकतलीचा डबा घेऊन गेलो. टेबलामागच्या मुलीने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. डबा हसून परत केला आणि फक्त पत्त्याचा झिपकोड विचारला. मी जुनी ओळख सांगायला लागलो, तर ती म्हणाली, या भागात राहणाऱ्या कुणासाठीही आम्ही वकिलातीला पत्र देतो. माझ्या आधीचा माणूस तर विरोधी पक्षाची टोपी घालून आला होता. त्याचंही काम तिने तितक्याच प्रेमाने लिहून घेतलं. माझा इतका अपमान ऑफिसात बॉसनेही कधी केला नव्हता.

पत्र गेलं. आईची पुन्हा मुलाखत झाली आणि या खेपेला व्हिसा मिळाला. मी फोनवर ऐटीत विचारलं, साहेबांचं पत्र पाहून सगळे हादरले असतील ना?

“पत्राचं कुणी नावही काढलं नाही रे,” आई म्हणाली. “खिडकीतल्या बाईनं विचारलं, मुलाकडेच राहून जाल का? मी म्हटलं, त्याला साहेबांच्या निवडणुकीतून माझ्याशी फोनवर बोलायला फुरसत नाही. तिथं राहून मी बोलू कोणाशी? बाळाला न्हाऊमाखू घालीन आणि येईन परत. तिला लगेच पटलं.”