बाटलीच्या तोंडातली काठी

स्थिर हात हे चारित्र्याचं लक्षण आहे, असं जुने लोक सांगत. परवा शहापूरच्या पूल पार्लरमध्ये चेंडू ढकलायच्या काठीला लावतात त्या निळ्या खडूचा वास आला आणि मला किशोरच्या घरासमोरचा ओटा आठवला.

या मित्राला पूलचं वेड होतं, पण टेबल होतं लांब मुरबाडला. म्हणून तो घरीच सराव करी. बिअरची रिकामी बाटली ओट्यावर आडवी ठेवायची आणि काचेला न लागता बांबूची काठी तिच्या तोंडातून आतबाहेर न्यायची. त्याचं कोपर जागचं हलत नसे. झुलायचा तो कोपरापुढचा हात, दर वेळी त्याच संथ वेगानं. मी तासन्‌तास बघत बसे.

एकदा नेमके तेव्हाच किशोरला सांगून आलेल्या मुलीचे वडील आले. ठरत आलेलं लग्न त्या बाटलीपाशी अडलं.

"पोरगा पितो का?" त्यांनी किशोरच्या आईला विचारलं.

"नाय हो, तो नुसती काठी घालतो तिच्यात," ती म्हणाली. त्यानं संशय वाढलाच.

किशोर वाकला, श्वास सोडला आणि काठी आतबाहेर नेत राहिला. काच एकदाही वाजली नाही. आज वाटतं, इतकं देखणं उत्तर मी पुन्हा पाहिलं नाही.

"पिणाऱ्याचा हात असा राहत नाय," पाहुण्यांनी गंभीरपणे निकाल दिला. मग काठी मागून घेऊन स्वतः वाकले. काच इतकी वाजली, की चहा ठेवायला आत गेलेली आई बाहेर आली.

लग्न वैशाखात झालं. हळदीला सासऱ्यांना दोघांनी धरून मांडवात आणावं लागलं.