पुसायचं बटण

मे महिन्यातला तिसरा रविवार. सकाळचे अकरा. जागा मुलुंडच्या एका सोसायटीचं क्लबहाऊस. हजर: सेक्रेटरी, खजिनदार, कमिटीच्या दोन बायका, गेटवरचा वॉचमन, आणि मी. खुर्च्या वीस रिकाम्या होत्या. मला कोणी बस म्हटलं नाही.

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर माझंच लिखाण लावलं होतं. माझ्या फोनवरचं, आमच्या बायकांच्या पेजवरचं. अक्षरं हाताएवढी.

सेक्रेटरी म्हणाले, "हे तुझंच ना?"

मी एक्कावन्न वर्षांची. ते चाळिशीचे असतील.

"हो साहेब."

"मग वाच. मोठ्याने."

मी वाचलं. "बी विंग, सहावा मजला, डावीकडचं घर. माणसं चार, पोळ्या सोळा. कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. बाथरूम वापरू देत नाहीत. पंख्याखाली बसलेलं चालत नाही. बदलीला जाणाऱ्या बाईने पाण्याची बाटली सोबत न्यावी."

खजिनदार हसले. "वाचन बरंय हो हिचं."

बदली म्हणजे काय ते सांगते. आम्ही पोळीवाल्या, भांडीवाल्या, लादीवाल्या. आमच्यातली एक गावी गेली की तिच्या घरांवर दुसरी जाते, नाहीतर ती घरं सुटतात. जाणाऱ्या बाईला घराची माहिती आधी लागते. ती मी लिहून ठेवायचे. आधी वहीत, मग एका मोठ्या कंपनीच्या पेजवर, फुकट मिळतं म्हणून. सात वर्षं ठेवली. कोणाला शिव्या दिल्या नाहीत. जे होतं ते लिहिलं.

कमिटीतल्या एक बाई म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला घरातलं समजतो, आणि तुम्ही आमची अशी बदनामी करता?" त्या सहाव्या मजल्यावरच्याच.

"पूस ते," सेक्रेटरी म्हणाले. "आत्ता. इथे."

मी पुसलं. माझ्याच अंगठ्याने. टीव्हीवरून अक्षरं गेली आणि मागे तेवढाच पांढरा चौकोन उरला. त्या चौकोनाची लाज मला अजून आहे. कप वेगळा दिल्याची नाही, ती त्यांची. पुसलं मी.

"आता खालचं. ए विंगचं."

अंगठा हलला नाही. मी फोन पिशवीत टाकला.

"नाही पुसणार."

"काय?"

"खोटं असेल तर दाखवा. खरं आहे ते राहणार."

"बरं," ते म्हणाले. "बाकीचं आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास बंद. पाच घरं एका सकाळी गेली. सोसायटीतल्या लोकांनी मिळून कंपनीकडे तक्रारी केल्या आणि त्याच आठवड्यात आमचं पेज नाहीसं झालं. सात वर्षांच्या याद्या, बायकांचे निरोप, सगळं. मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर, शब्द न शब्द तेच. खाली माणसाचं नाव नव्हतं. आमच्या शोभाचा नवरा त्याच महिन्यात गावी आजारी पडला. तिच्या बदलीला गेलेल्या बाईला काहीच माहीत नव्हतं, ती नको तिथे बसली, नको त्या ग्लासात प्यायली. शोभाची तीन घरं सुटली.

कुर्ल्याला कामगार बायकांची बैठक होती. तिथे वेसाव्याची पारूबाई भेटली, मासळी विकणारी. मी रडगाणं सुरू केलं तर तिने मध्येच तोडलं.

"दुसऱ्याच्या ओट्यावर टोपली मांडलीस गं. तो उठवणारच. आमचं पेज कसं गेलं माहितंय? कापलेल्या सुरमईचा फोटो टाकला, तर म्हणे हिंसाचार! मी म्हटलं, मेल्यांनो, न कापता खाता काय?"

"मग आता काय करता?"

"आता ओटा आमचा."

तिनेच जोगेश्वरीच्या एका काकांकडे नेलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. एक मालक नाही. ज्याचं त्याने घर बांधायचं, म्हणजे भाड्याच्या कॉम्प्युटरवर आपली जागा घ्यायची. नियम आपले. पण घरं एकमेकांना जोडलेली. कोळणींनी त्यांच्या घरात काही लिहिलं तर आमच्या घरात दिसतं, आमचं त्यांच्याकडे. एखादं घर कोणी बंद पाडलं तरी बाकीची चालू. मी चार पानं उतरवून घेतली आणि पंधरा दिवसांत आमचं घर उभं केलं.

वर्षभरात मी जोडलेल्या घरांची यादी ठेवली. वेसाव्याच्या कोळणी. बोरिवलीचे रिक्षावाले. अंधेरीच्या आया, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या. मानखुर्दच्या कचरा वेचणाऱ्या. दर महिन्याला यादीत भर. सोसायटीवाल्यांना आमचं घर दिसायचं, तक्रार करायला मालक सापडायचा नाही. मला त्याचा फार आनंद व्हायचा. आमच्या घराची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एकटीकडे होती. माझ्याकडे. व्यवस्थित काम करणारी मीच, असं सगळ्यांचं मत होतं. माझंही.

मग लक्ष्मीने आमच्या या घरात लिहिलं. लक्ष्मी मानखुर्दची, मुलुंडला येऊन सोसायट्यांचे जिने आणि संडास धुते. तिचा मजकूर जसाच्या तसा देते, कारण तो मला पाठ आहे.

"आपली महिन्याची सभा. बायका पंचवीस. पोळीवाल्या, भांडीवाल्यांना चहा स्टीलच्या पेल्यात. संडास धुणाऱ्या आम्ही सातजणी, आम्हाला कागदी कपात. सतरंजीवर जागा शेवटी. नवीन येणाऱ्या बाईने आपला पेला सोबत आणावा."

माझ्याच यादीच्या भाषेत लिहिलं होतं.

सभेचा चहा मी करायचे. पेले अठरा होते, म्हणून कागदी कप आणले. खरं आहे ते. पण दर महिन्याला कागदी कप त्याच सातजणींच्या हातात कसे गेले? मी तर सगळं मोजते. हे मोजलं नव्हतं. मी कोकणातल्या कुणब्याची, बाप गिरणीत होता. जात पाळत नाही असं मी चारचौघांत सांगत आले. लक्ष्मी कोण, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं.

मी तिचा मजकूर पुसला. क्षणभरही लागला नाही.

संध्याकाळी तिचा फोन. "ताई, तू पुसलंस?"

"अगं, आधी सोसायटीवाल्यांशी भांडू. आपलं घरातलं मग बघू."

"ती सहाव्या मजल्यावरची बाईपण तुला घरातलंच म्हणाली होती ना?"

तिने फोन ठेवला. त्यानंतर माझा उचलला नाही.

चार दिवसांनी तोच मजकूर आमच्या घरात परत दिसला. लक्ष्मी आमची जागा सोडून मानखुर्दच्या बायकांच्या जोडलेल्या घरात गेली होती. तिथे लिहिलं, आणि जोडणीने ते आमच्याकडे आलं, कोळणींकडे गेलं, सगळीकडे गेलं. खाली एक ओळ जास्तीची: "हे आधी एका ठिकाणी पुसलं गेलं." माझं नाव नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. अंधेरीच्या एका आयाबाईने खाली लिहिलं, आमच्यातही असंच. बोरिवलीहून तिघांनी. मी बघत बसले. माझा हात तिथे पोहोचत नव्हता. मालक नसलेली जागा म्हणून मी जिचं कौतुक करत फिरले, तिथे मीही मालक नव्हते.

सकाळी शोभा आली, आणखी चौघींना घेऊन.

"ताई, मानखुर्दचं दार बंद कर. एक बटण असतं ना तुझ्याकडे? त्या घरातलं काहीच दिसणार नाही आपल्याला."

"असतं."

"मग दाब ना. वाट लागली आपल्या नावाची. तो सेक्रेटरी वाचून हसत असेल."

"हसू दे."

"तुझंच नाव वाचवतोय गं आम्ही!"

बटण समोर होतं. दाबलं असतं तर आमच्या बायकांपुरती लक्ष्मी संपली असती. मी मोठ्या मनाची म्हणून थांबले असं कोणी समजू नये. माझा अंगठा तयार होता. पण यावेळी टीव्ही नव्हता, कमिटी नव्हती, मला पूस म्हणून दटावणारा साहेब नव्हता. दबावाखाली पुसलं असं सांगायची सोय नव्हती.

"नाही दाबणार," मी म्हटलं. "तिने लिहिलंय ते खरं आहे. कप मीच वाटले."

 शोभा म्हणाली, "तू आमची की त्यांची?"

 त्यातल्या 'आमची' आणि 'त्यांची'मुळेच ती सतरंजी दोन भागांत पडली होती.

नऊ बायका सोडून गेल्या. शोभाही. पुन्हा त्या कंपनीच्या पेजवर, फुकटच्या ओट्यावर. त्यांच्या बदल्यांची माहिती मी अजून पाठवते. उत्तर येत नाही.

त्या आठवड्यात मी तीन कामं ठरवली. पहिलं: किल्ली तिघींकडे, त्यातली एक जिने धुणारी. झालं. दुसरं: यापुढे कोणाचंही लिहिलेलं एकटीने पुसायचं नाही, पुसलं तर कोणी आणि का ते सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. झालं. त्यावरून दोनदा भांडण झालं, पुन्हा होईल, होऊ दे.

तिसरं: लक्ष्मीचा मजकूर आमच्या घरात होता त्याच जागी परत लावायचा आणि खाली माझ्या पूर्ण नावाने लिहायचं, हे मी पुसलं होतं. पण मजकूर तिचा. तिला विचारल्याशिवाय लावणं म्हणजे पुन्हा मीच ठरवणं. फोन ती उचलत नाही. तेव्हा मानखुर्दला जायचं, तिच्या दारात उभं राहायचं, आणि तिच्या शेजारणी ऐकत असताना सांगायचं. तिने माफ करावं म्हणून नाही. तिने दार लावून घेतलं तर बाहेरून सांगायचं.

गल्लीचा पत्ता घेऊन ठेवलाय. अजून गेलेले नाही.